लाल टिकली आमच्या नाक्यावर

"लाल इथे लाव. नाही गं, अजून थोडी पुढे. गल्ली वळते ना, बरोब्बर तिथे."

रेश्मानं नकाशावर बोट टेकवलं आणि मी खाली वाकून बघितलं. बोट आमच्या बिल्डिंगवर होतं. आमच्या म्हणजे माझ्या. मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

"इथे काय होतं?" मी विचारलं. विचारणं हेच माझं काम आहे.

"सीसीटीव्ही काका," तिची रूममेट म्हणाली. सगळ्याजणी खो खो हसल्या.

मीही हसले. दुसरं काय करणार होते?

थोडं मागे जाऊन सांगते. मी ठाण्यात एका छोट्या संस्थेत काम करते. ऑफिस वर्तकनगरला. आम्ही रस्ते तपासतो. खड्डे नाही, खड्डे सगळ्यांनाच दिसतात. रस्त्यावरून चालताना माणसाच्या मनाचं काय होतं, ते आम्ही बघतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसा. पण पुढच्या वेळी बांधकामाच्या उंच पत्र्यांच्या कडेनं चालाल तेव्हा स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्या. ते कानापर्यंत वर गेलेले असतात. पावलं भरभर पडत असतात. बाई असेल तर फोन कानाला असतो आणि फोनवर कुणीच नसतं. पत्रे संपून एखादं किराणा दुकान लागलं की खांदे आपोआप खाली येतात. हे दिसायला डिग्री लागत नाही. तरी शहरात भिंती बांधताना कुणाच्या डोक्यात हे येत नाही, याचा मला राग येतो. त्या रागाचा मला पगार मिळतो.

आमच्या कामाला वॉक ऑडिट म्हणतात. एरियातल्या लोकांबरोबर गल्लीगल्लीतून चालायचं, मग नकाशाभोवती बसायचं आणि कुठे बरं वाटतं, कुठे जीव नको होतो, ते मार्क करायचं. मार्क करायला आम्ही टिकल्या वापरतो. ही आयडिया आमच्या अनघाताईंची. त्या आर्किटेक्ट आहेत, संस्था त्यांनीच काढली. ताई म्हणतात, बायकांच्या हातात पेन दिलं की त्या परीक्षेला बसल्यासारख्या गप्प होतात, टिकलीचं पाकीट दिलं की बोलायला लागतात. हिरवी टिकली म्हणजे इथे बरं वाटतं. लाल म्हणजे इथे नको वाटतं. काळी आम्ही लावतो, ऑफिसतर्फे: इथे डेड फ्रंटेज आहे. डेड फ्रंटेज म्हणजे मुकी बाजू. लांबच लांब भिंत, तिला ना खिडकी, ना दार, ना दुकान. ओरडलात तर ऐकायला कोणी नाही.

आणि आमचं एक पत्रक आहे. ते मी लिहिलंय. वर 'रस्त्याला डोळे हवेत' असं मोठ्या अक्षरात. खिडक्या उघड्या ठेवा, दुकानं राहू द्या, ओट्यावर माणसं बसू द्या, कारण जिथे चार माणसं बसलेली असतात तिथून जाताना माणूस एकटा नसतो. पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही, त्यामुळे तो त्यात कुठेच नाही. 'येथे बसू नये' अशा पाट्या लावणाऱ्या सोसायट्यांवर तर मी त्यात अख्खा परिच्छेद झोडलाय. वर्तकनगरच्या एका सोसायटीला आम्ही अशी पाटी काढायला लावली होती. ती काढतानाचा माझा फोटो ऑफिसच्या भिंतीवर आहे. हातात पाटी, चेहऱ्यावर विजय.

तर मग डोंबिवलीत, माझ्याच गल्लीत ऑडिट आलं. मी आनंदानं घेतलं.

रेश्मा नर्स आहे. मूळची नगर जिल्ह्यातली. माजिवड्याला एका हॉस्पिटलात ड्यूटी. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये दोघी मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. ती आणि त्या दिवशी नकाशाभोवती बसलेल्या बाकीच्या मुली, सगळ्या गल्लीत नवीन, त्यामुळे मी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसचा टी-शर्ट घातलेली, ठाण्याहून आलेली एक मुलगी, एवढंच.

"काका करतात काय?" मी विचारलं.

"विचारतात," रेश्मा म्हणाली. "जाताना, कुठे चालली. येताना, कुठून आली. एकदा दूध आणायला गेलेले, तर परत येताना म्हणाले, एवढंच आणलं?"

"मला विचारलं, लग्न ठरलं का," एक जण म्हणाली.

"मला विचारलं, मोडलं का!"

पुन्हा हशा.

"आधी नाव. मग गाव. मग बापाचं नाव, बाप काय करतो. आम्ही पेशंटची हिस्टरी घेतो ना, तशी," रेश्मा म्हणाली. "आणि एकटे नसतात. संध्याकाळी खुर्च्यांची लाइन असते. आपण चाललो की सगळ्या माना एकदम वळतात. टेबल फॅन कसा फिरतो, तशा."

"वाईट काही बोलतात का? नजर वगैरे?" हा प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्ये आहे.

"नाही गं. तसं काही बोलले असते तर मी तिथल्या तिथे उतरवली असती त्यांची. ते प्रेमानं विचारतात. प्रेमाला काय उलट बोलणार? रोज उत्तर द्यावं लागतं. नाइट करून यायचं, डोकं फुटत असतं, एखादा पेशंट गेलेला असतो, आणि गल्लीच्या तोंडाशी हजेरी. गावाला आमच्याकडेही असंच आहे. त्यासाठी तर गाव सोडलं."

"मग तू काय करतेस?"

"नाल्याकडून जाते."

मी पेन खाली ठेवलं.

नाल्याकडची वाट मला लहानपणापासून माहीत आहे. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला गोडाऊनची मागची भिंत. दिवा नाही. नकाशावर सगळ्यात लांब काळ्या टिकल्यांची रांग मीच तिथे लावली होती. डेड फ्रंटेजचा नमुना म्हणून फोटो काढावा अशी जागा.

"तिथे भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण तिथे कोणी बघत तरी नाही."

माझं पत्रक टेबलावरच पडलं होतं. तिच्या चहाच्या कपाखाली.

सीसीटीव्ही काका म्हणजे माझे वडील. हे मी तिथे सांगितलं नाही. त्याचं धंद्यातलं कारण तयार होतं: सांगितलं असतं तर मुलींनी तोंड बंद केलं असतं आणि ऑडिट वाया गेलं असतं. कारण खरंही आहे. पण ते मला नंतर सुचलं. आधी फक्त लाज वाटली. वडिलांची.

बाबांना गल्लीत बाळूदादा म्हणतात. आमचं घर मूळ गावातलं. डोंबिवली पूर्वेला गावं आहेत, आता बाहेरच्याला ती दिसत नाहीत, बिल्डिंगांच्या पोटात गेलीत. आमचं बैठं घर होतं, पुढे ओटा. संध्याकाळी आजोबा ओट्यावर, बाबा कंपनीतून आले की बाबाही ओट्यावर. समोरून जो जाईल त्याला विचारायचं, "कुठं चालला रं?", "कुठं चालली गो?" हा प्रश्न नसतो. कोणी खरं उत्तर देत नाही. "जाते जरा पुढं," एवढं म्हटलं की झालं. न विचारणं हा मात्र अपमान असतो. कोणाच्या दारावरून गेलो आणि त्यानं विचारलं नाही, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. भावकीतली भांडणं यावरून झालेली मी बघितलीत.

मग घराची बिल्डिंग झाली. खाली स्टिल्ट, म्हणजे नुसते खांब आणि गाड्या. ओटा गेला. बाबा रिटायर झाले आणि बसायला जागा नाही. मग ते रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची लिफ्टमधून खाली आणायला लागले. खुर्चीच्या पाठीवर निळ्या चौकड्यांचा टॉवेल टाकलेला. वळणावर, भाजीवाल्या सुमनमावशीच्या शेजारी ती मांडायची. बघून बघून आणखी तिघं बसायला लागले. मला ते बघून बरं वाटायचं. पत्रकात लिहिलेलं माझ्याच दारात घडतंय म्हणून.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"बाबा, तुम्ही खाली बसता ना..."

"बसतो ना. तुजंच काम करतो." त्यांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. माझं पत्रक. घड्यांवर फाटायला आलेलं. "रस्त्याला डोले हवेत. मी तिघांना वाचून दाखवलं. म्हनलं, माज्या पोरीनं लिवलंय. आता आपल्या गल्लीत कोन नवीन आला, कोन कधी गेला, सगलं मना माहीत. एक पोरगी हाय नर्स, रातपाली करते. ती येईस्तवर मी सकाली खुर्ची टाकून बसायचो. आता मेली दिसत नाय. खोली सोडली वाटतं."

आई म्हणाली, "बरंय, तुमची चौकशी संपली असंल."

"गप गो. परक्या गावात पोर एकटी राहते. कोनी इचारायला नको?"

मी भात कालवत राहिले. रस्त्यावर मी ठेकेदाराशी भांडते. सोसायटीच्या चेअरमनला तोंडावर सांगते की तुमची भिंत माणूसघाणी आहे. पण ताटासमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी अनघाताईंना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. असं त्या करतात तेव्हा काहीतरी सरळ बोलणार असतात.

"मुद्दा महत्त्वाचा आहे, हर्षदा. नुसते डोळे असून भागत नाही, हे आपल्या पत्रकात नाही. ते प्रेझेंटेशनमध्ये यायलाच हवं. पण भिंतीला आपण काहीही म्हणू शकतो. हा माणूस आहे. आधी घरी बोल."

"बोलते."

आठवड्यानं त्यांनी विचारलं, "बोललीस?"

"हो," मी म्हटलं. मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मी स्लाइड केली. फोटोत माणूस नको, असं मी ठरवलं. फक्त खुर्ची. संध्याकाळी, बाबा चहाला वर गेलेले असताना, रिकामी. खाली लिहिलं: 'चौकशीची जागा: येथून जाणे टाळले जाते.' मला वाटलं, मी किती जपून केलंय.

प्रेझेंटेशन गल्लीतल्या रहिवासी संघासमोर होतं, देवळाच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी. रविवार मीच सुचवला होता. त्या संध्याकाळी गावात एका घरी हळद होती, बाबांच्या चुलतभावाच्या मुलाची. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे, मटण, अख्खं गाव. हळदीला न जाणारा माणूस आजारी तरी असतो किंवा भांडलेला तरी. बाबा हॉलवर येणं शक्यच नव्हतं.

आले. पांढरा शर्ट, दाढी केलेली. बरोबर खुर्चीवाले तिघं. पहिल्या रांगेत बसले.

"हळद?" मी जवळ जाऊन हळूच विचारलं.

"हलद काय, परत होतील. तू काय परत परत बोलनार हाय का?"

अनघाताई शेजारीच होत्या. त्यांना वाटलं, वडिलांना सगळं माहीत असून ते आलेत. त्यांनी बाबांना आदरानं नमस्कार केला.

संघाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका. बँकेतून रिटायर, नीट भाषा, नीट फाइल. त्यांनी सुरुवात करून दिली. मी पहिल्या स्लाइड दाखवल्या. गोडाऊनची भिंत. फुटलेला दिवा. सुमनमावशीची टोपली, तिथे हिरव्या टिकल्यांचा नुसता खच, कारण मावशी बसलेली असते, भाजी निवडते, आणि कोणाला काही विचारत नाही. बाबा मागे वळून लोकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पोरगी कशी बोलते ते बघा म्हणून.

मग मी म्हटलं, "आता मुली बोलतील." आणि रेश्मा उभी राहिली.

तिनं नाव घेतलं नाही. सभ्यपणे बोलली. गल्लीत येता-जाता होणारी चौकशी, थकून आल्यावर द्यावी लागणारी उत्तरं, आणि ती चुकवायला नाल्याकडून जाणं.

मागे कुणीतरी खाकरलं. बाबा उभे राहिले.

"एक मिनिट. कोन हाय त्यो?"

"बाबा, बसा," मी म्हटलं. हळू. कोणाला ऐकू गेलं नाही.

"कोन इचारतो तुला, नाव सांग. घाबरू नको गो. आम्ही चार मानसं रोज तिथंच बसतो, आमच्या समोर पोरींना त्रास देतो म्हंजे काय? मी बघतो त्याला."

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. काय करू, असं. माझ्या हातात रिमोट होता. मला स्क्रीन बंद करायची होती. घाईत बटण दाबलं आणि पुढची स्लाइड आली.

खुर्ची. निळ्या चौकड्यांचा टॉवेल.

"अरे, ही तर बाळूदादाची खुर्ची!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. गावातले लोक मोकळेपणानं हसतात. त्यात वाईट काही नव्हतं. ते हसू मला अजून ऐकू येतं.

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. खालची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली.

"खुर्ची माजी हाय," ते म्हणाले.

मग ते रेश्माकडे वळले. "पोरी, तू नाल्याकडनं जाते?"

"हो, काका."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासून."

"तिथं साप निघतात."

"माहितीय," रेश्मा म्हणाली.

बाबा खाली बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मला वाटलं ते उठून जातील. गेले असते तर बरं झालं असतं. ते शेवटपर्यंत बसले.

कुलकर्णीकाकांनी चर्चा पुढे नेली. "मग यावर उपाय काय? खुर्च्या काढायच्या का?"

"नाही, नाही," रेश्मा घाईनं म्हणाली. "बसू द्या त्यांना. फक्त विचारू नका. मान हलवली तरी चालेल."

"ते ठरावात कसं लिहायचं?"

काकांनी विचारलं आणि फाइल मिटली. मग त्यांनी आभार मानले. साधा माणूस, मनात काही नाही. "आपल्या गल्लीचीच कन्या, बाळूदादांची मुलगी हर्षदा, हिनं एवढं छान काम केलं. बाळूदादा, अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला."

टाळ्या पडल्या. रेश्मा टाळ्या वाजवत नव्हती.

बाहेर चपला घालताना ती माझ्याजवळ आली. "तुझे वडील आहेत?"

"हो."

"मला माहीत असतं तर मी असं लोकांसमोर बोलले नसते. बाजूला घेऊन सांगितलं असतं त्यांना."

"म्हणून तर नाही सांगितलं. तुम्ही मोकळ्या बोलाव्यात म्हणून."

"माझं नाव विचारलंस. गाव विचारलंस. कुठून जाते, कधी जाते, का जाते. सगळं विचारलंस." ती चपलेचा पट्टा लावत बोलत होती, माझ्याकडे न बघता. "स्वतःचं एक सांगितलं नाहीस. काकांनी निदान पहिल्या दिवशी स्वतःचं नाव तरी सांगितलेलं."

अनघाताईंनी माझ्या हातातून प्रोजेक्टरची बॅग घेतली आणि रिक्षा थांबवली. मी खोटं बोलले होते, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं.

गावात हळदीचा डीजे वाजत होता. बाबा आणि मी घरी चालत निघालो. वळणावर सुमनमावशी टोपली आवरत होती. ती नेहमीसारखी म्हणाली, "काय दादा, कुठून?" बाबांनी तिला उत्तर दिलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "बाबा, मी आधी सांगायला हवं होतं."

"लिवलंय ते खोटं हाय का?"

"नाही."

"मंग झालं." तिसरा मजला आला. दार उघडलं तरी ते आतच उभे राहिले. "मना वाटलं, तिनं खोली सोडली. मी तिच्यासाठी सकाली बसायचो आनि ती माज्यापायी नाल्यातनं जायची. पोरीला काय झालं असतं तं?"

ते माझ्यावर चिडले नाहीत, हे मला झेपलं नाही. अजूनही झेपत नाही. मी त्यांची लाज धरली होती, बोलीची, टॉवेलची, चौकशीची. त्यांना लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती माझ्या लाजेपेक्षा कितीतरी बरी होती.

दुसऱ्या दिवशी खुर्ची गॅलरीत गेली. भिंतीकडे तोंड करून. एक उठला तसे बाकीचे तिघंही बसेनासे झाले.

आणि रहिवासी संघानं काम केलं. 'विचारू नका' हे लिहिता येत नाही, पण एक गोष्ट रंगवता येते. पुढच्याच आठवड्यात वळणावर पिवळी पाटी आली, काळ्या अक्षरात: 'येथे बसू नये.' खाली, 'आदेशावरून'. कुलकर्णीकाकांनी मला फोटो पाठवला. सोबत मेसेज: 'तुमच्या अहवालानुसार कार्यवाही पूर्ण.' हात जोडल्याची खूण.

मी तडक त्यांच्या घरी गेले.

"काका, ही पाटी काढा. आम्ही असल्या पाट्यांच्या विरोधात काम करतो. मुलींनीही बसू द्या म्हणून सांगितलं होतं."

"अगं, पण स्लाइड तुझीच ना? 'येथून जाणे टाळले जाते' असं तूच लिहिलंस. मग जागा मोकळी केली. चुकलं काय?"

"सुमनमावशी उठली तिथून! सगळ्यात जास्त हिरव्या टिकल्या तिच्यापाशी होत्या!"

"पाटी सर्वांना सारखी लागू असते, हर्षदा. एकाला बसू दिलं की दुसरा विचारतो."

त्यांचं बरोबर नव्हतं. पण त्यांनी जे केलं ते माझ्याच कागदाच्या आधारानं केलं होतं, आणि मी त्यांना जे सुनावायला गेले होते ते सगळं आधी मलाच लागू होतं. मी पाणी पिऊन परत आले.

सध्या परिस्थिती अशी आहे. नाल्याकडच्या वाटेला अजून दिवा नाही, अर्ज दिलाय. पाटी काढायलाही अर्ज दिलाय. सुमनमावशी पुढच्या चौकात बसते, तिथे तिचं गिऱ्हाईक कमी आहे. ती माझ्याशी बोलते, पण मेथी निवडत, वर न बघता. ऑफिसच्या भिंतीवरचा विजयाचा फोटो मी काढून ठेवलाय. अनघाताईंनी का म्हणून विचारलं नाही.

बाबा आता पुन्हा खाली जातात. खुर्ची नेत नाहीत. पाटीसमोर उभे राहतात.

"बसू नये लिवलंय," ते म्हणाले. "उभा राहू नये कुठं लिवलंय?"

पण ते गल्लीकडे पाठ करून उभे राहतात. तोंड पाटीकडे. पोरींच्या चपलांचा आवाज आला की मान जराही वळवत नाहीत. गुडघे दुखतात त्यांचे, तरी उभे असतात. परवा सकाळी मी वरून गॅलरीतून बघत होते. रेश्मा ड्यूटीवरून येत होती, पुढच्या वाटेनं, वळणावरून. बाबा पाटीकडे बघत ताठ उभे. ती त्यांच्या मागून गेली. चार पावलं पुढे जाऊन थांबली.

"काका," ती म्हणाली, "रोज काय वाचता तिथं?"

बाबा वळले नाहीत. "काय नाय गो," ते पाटीलाच म्हणाले. "तू जा. झोप जा."

ती गेली.

पत्रक मी पुन्हा लिहितेय. 'रस्त्याला डोळे हवेत' ही ओळ ठेवलीय, पण पुढे काय लिहायचं ते जमत नाहीये. तोपर्यंत नवीन मुलींना ट्रेनिंग देताना मी एक गोष्ट सांगते. आमच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये ती नाही. ज्या गल्लीत ऑडिट करायचं तिथे तुमचं कोणी राहत असेल, तर स्लाइड करायच्या आधी घरी जेवायला बसा आणि तोंड उघडा. भातासाठी नाही.